दर सहलीच्या तिसऱ्या सकाळी ‘टक’: जुन्या कॅम्पर व्हॅनच्या चार्जिंगचा छडा

लक्षण आधी सांगते. पुण्याहून निघायचं, ताम्हिणी उतरून कोकणात जायचं. पहिली सकाळ ठीक. दुसऱ्या सकाळी सेल्फ (स्टार्टर मोटर) जड फिरतो, पण गाडी सुरू होते. तिसऱ्या सकाळी चावी फिरवली की नुसतं ‘टक’, आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे मान टाकतात. मग आजूबाजूची चार माणसं गोळा करायची, उताराकडे तोंड करून धक्का, सेकंड गिअर, क्लच सोड, आणि धूर ओकत गाडी चालू. घरी परत आल्यावर वायरमनकडे नेली की सगळं शहाण्यासारखं. “ताई, डायनामो चौदा पॉइंट एक देतोय. बॅटरीच बसलीय तुमची.” दीड वर्षात अशा दोन नव्या कोऱ्या बॅटऱ्या झाल्या. तिसरी घ्यायच्या आधी मी मल्टिमीटर घेतला, बॅटरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी पैशात.

गाडी २००३ सालची डिझेल व्हॅन. आधी शाळेची पोरं न्यायची, आता आत पलंग, छोटा ओटा आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज आहे. बॅटऱ्या दोन: बॉनेटखाली इंजिनची १०० एएचची (ॲम्पियर-तास, साठवणुकीचं माप), आणि पलंगाखाली घरच्या इन्व्हर्टरला लावतात तसली १५० एएचची ट्यूब्युलर. दोन्ही भरायला अल्टरनेटर एकच, ६५ ॲम्पियरचा. (आमच्याकडे गॅरेजात त्याला सर्रास डायनामोच म्हणतात, आणि त्यातल्या व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरला कटआउट. मीही तेच म्हणणार आहे.)

या जुन्या डिझेल गाड्या फसवतात, कारण इंजेक्शन पंप यांत्रिक असतो. एकदा इंजिन धरलं की त्याला विजेची फारशी गरज उरत नाही. पेट्रोलची गाडी चार्जिंग गेल्यावर तासाभरात झटके खाऊन सांगते, ही मात्र दिवसभर मुकाट चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब मागते. त्यामुळे ‘काल तर मस्त चालली’ याला पुरावा धरू नका.

आधी बॅटरी खरंच गेली आहे का ते बघा. गाडी बंद करून चार-पाच तास, जमलं तर रात्रभर, तशीच राहू द्या. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज तरंगत असतं, ते खोटं चांगलं दिसतं. मग थेट शिशाच्या खुंटीवर मीटर लावा. १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ म्हणजे रिकामीच. आमची तिसऱ्या सकाळी ११.९ होती. बॅटरी पाणी घालायची असेल तर हायड्रोमीटरने सहाही घरं तपासा. सगळ्यांची ग्रॅव्हिटी (ॲसिडची घनता) सारखीच खाली असेल तर बॅटरी उपाशी आहे, मेलेली नाही. एकच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून जास्त खाली असेल तर ते घर गेलं, आणि तेव्हा मात्र दुकान गाठायचं. आमची सहाही घरं सारखीच उपाशी होती. बाहेरच्या चार्जरवर रात्रभर ठेवली तर टुणटुणीत झाली. म्हणजे पहिल्या दोन बॅटऱ्या मी भंगारात दिल्या, त्यासुद्धा बहुतेक चांगल्याच होत्या. आता बोलून काय उपयोग.

त्यानंतर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो पेटलाच पाहिजे. जुन्या डायनामोत हा दिवा नुसता शोभेचा नसतो. चावीपासून दिव्यातून डायनामोच्या ‘डी प्लस’ खुंटीवर, तिथून कार्बनमधून (ब्रशमधून) रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, जो थोडासा करंट जातो, त्यानेच रोटर चुंबक होतो आणि चार्जिंगला सुरुवात होते. बल्ब उडाला की डायनामो झोपलेला राहतो, किंवा इंजिन जोरात रेस केल्यावर कधीतरी जागा होतो. एका ओळखीच्याने हौसेने डॅशबोर्डमधले सगळे बल्ब बदलून एलईडी टाकले आणि त्या दिवसापासून त्याचं चार्जिंग लहरी झालं. दोन-तीन वॉटच्या साध्या बल्बमधून जाणारा करंट एलईडीतून जात नाही. तो एक बल्ब जुनाच ठेवा.

इंजिन चालू असताना दिवा मंद, रात्रीच दिसेल इतपत लाल राहत असेल तर डायनामोतल्या डायोडवर (एसीचं डीसी करतात ते) संशय घ्या. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीशी लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर डायोड फुटला असण्याची दाट शक्यता. दुसरी खूण हाताला कळते: रात्रभर उभ्या गाडीचा डायनामो सकाळी कोमट लागतो. इंजिन गार, तो गरम, म्हणजे बॅटरी रात्रभर त्याच्यातूनच उतरते आहे.

पट्ट्याबद्दल फार लिहीत नाही. मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण १० मिलिमीटर दबला पाहिजे. व्ही पट्टा पुलीच्या खाचेत तळाला टेकून बसला असेल आणि आतल्या बाजू आरशासारख्या चकाकत असतील तर कितीही ताणा, तो सरकणारच. बदला.

आता मुख्य गोष्ट. वायरमनकाकांचं १४.१ खोटं नव्हतं. पण त्यांनी मीटरची लाल पिन लावली डायनामोच्या बी प्लसवर, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या खुंटीवर, आणि काळी लावली डायनामोच्याच अंगाला. इंजिन नुकतंच सुरू केलेलं, दिवे बंद, आतली बॅटरी भरलेली, म्हणजे करंट जेमतेम पाच-सहा ॲम्पियर. अशा वेळी कुठलाही गंजका रस्ता चांगलाच दिसतो. रिकाम्या रस्त्यावर खड्डे असले म्हणून वाहतूक थोडीच तुंबते. तपासणी गरम गाडीची आणि ओझ्याखाली व्हायला हवी. मी घाट चढून-उतरून दोन तास गाडी चालवली, मुळशीजवळ रस्त्याच्या कडेला लावली, इंजिन चालूच, मुलाला ॲक्सिलरेटरवर बसवलं, हेडलाइट मोठे, ब्लोअर फुल, आतल्या बॅटरीला फ्रिज जोडलेला. सगळं मिळून ४० ॲम्पियरच्या आसपास.

डायनामोवर: १४.१.
बॅटरीच्या खुंट्यांवर: १३.१.

एक अख्खा व्होल्ट वाटेत गायब! १३.१ वर लेड ॲसिड बॅटरी धड भरत नाही, जेमतेम आणखी उतरायची थांबते. आणि कटआउट डायनामोच्या पाठीलाच असल्यामुळे तो स्वतःपाशीच व्होल्टेज बघतो. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल.

तो व्होल्ट कुठे सांडतो हे शोधायला मीटरची एक पिन रस्त्याच्या एका टोकाला आणि दुसरी दुसऱ्या टोकाला लावायची. चांगल्या वायरच्या दोन टोकांत जवळजवळ शून्य दिसतं. जे काही दिसतं ते वाया जाणारं व्होल्टेज. आधी पॉझिटिव्ह बाजू: लाल पिन डायनामोच्या बी प्लसवर, काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. ०.३ आलं. चांगलं नाही, पण मुख्य चोर हा नव्हे. मग निगेटिव्ह बाजू, जी कोणीच मोजत नाही: लाल पिन डायनामोच्या अंगावर जरा खरवडून, काळी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. खुंटीवर म्हणजे खुंटीवरच, क्लॅम्पवर नव्हे. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातही गंज असतो. ०.७ आलं.

मग रस्त्याचे तुकडे पाडले. डायनामोचं अंग ते इंजिन ब्लॉक: ०.०२. इंजिन ब्लॉक ते चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा): ०.५५. चॅसी ते बॅटरी: ०.१३. बेरीज ०.७०. चोर इंजिन आणि चॅसीच्या मधे होता, आणि तिथे विणलेल्या तांब्याची एक अर्थिंगची पट्टी सोडली तर दुसरं काही नव्हतं.

इंजिन गार झाल्यावर गाडीखाली शिरले. वरून पट्टी ठीक दिसत होती. तेरा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला तेव्हा कळलं की आदल्या पावसाळ्याआधी गाडीला खालून गंजविरोधी काळा थर मारून घेतला होता, आणि पट्टीचा लग (टोकाची कडी) त्या थरावरच परत कसून टाकला होता. वॉशरच्या कडेला नखाएवढा धातू उघडा, त्यातून एवढा सगळा करंट. लगच्या तोंडाशी पट्टी बोटाने वाकवली तर हिरवट भुकटी झडली आणि अर्ध्या तारा चक्क तुटून हातात आल्या. समुद्राकाठी गाडी लावण्याची ही किंमत. खारी हवा तांब्याला आतून खाते.

आता हिशेब बघा. ४० ॲम्पियरला ०.५५ व्होल्ट, म्हणजे साधारण ०.०१४ ओहम. ऐकायला काहीच नाही. पण सेल्फचा करंटही याच पट्टीतून परत जातो, आणि डिझेलचा सेल्फ २०० ॲम्पियरच्या खाली ऐकत नाही. २०० गुणिले ०.०१४, म्हणजे पावणेतीन व्होल्ट त्या एका बोल्टवर जळत होते. म्हणून बॅटरी थोडी उतरली की सेल्फ लगेच जड. अशी अर्थिंग गेलेली गाडी आणखी एका गोष्टीवरून ओळखू येते: सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागते. करंटला वाट हवी असते, तो केबलच्या पोलादी आवरणातून घुसतो.

दुरुस्ती साधी. चॅसीवरचा थर पार पांढरा धातू दिसेपर्यंत घासला, नवी पट्टी लावली, कसल्यावर वरून ग्रीस. शिवाय इंजिन ब्लॉकपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला २५ चौरस मिलिमीटरची एक जादा केबल टाकली. पॉझिटिव्हचा लग कापून नवा दाबून घेतला. त्याच घाटात, तेवढ्याच ओझ्यावर बॅटरीपाशी १३.९५.

यानंतरची एक सहल सुखात गेली. पुढच्या सहलीत चौथ्या सकाळी परत ‘टक’. खरं सांगते, त्या दिवशी गाडी विकायचीच ठरवली होती.

पण मीटर हातात होता. इंजिनची बॅटरी १२.०५. आतली बॅटरी पण १२.०५. दोन वेगळ्या बॅटऱ्या, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या जातीच्या, आणि आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत एक? चावी काढलेली असताना आतला फ्रिज आणि पंखा चालू केला. आतल्या बॅटरीचा आकडा खाली आला, तो यायलाच हवा. इंजिनच्या बॅटरीचाही तितकाच खाली आला. तो यायला नको होता. इंजिन चालू असतानाच दोघींना जोडायला हवा असा जो रिले (विजेवर ओढला जाणारा स्विच), तो सुटलेलाच नव्हता. त्याच्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली, आतून ‘टिक्’ आलं आणि इंजिनच्या बॅटरीचा आकडा हळूहळू वर सरकायला लागला.

टोपण उघडलं. आतले दोन्ही पॉइंट काळे, आणि एकाच्या टोकाला मोहरीएवढा वितळलेला मणी.

हा रिले हेडलाइटला वापरतात तसला, ३० ॲम्पियरचा. पण खरी चूक त्याच्या ८६ नंबरच्या पिनेला, म्हणजे रिले ओढणाऱ्या कॉइलच्या पिनेला, होती. गाडी कॅम्पर करून देणाऱ्याने ती पिन चावीच्या लाइनवर जोडली होती. म्हणजे चावी फिरवली की सेल्फ मारायच्या आधीच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाणार, आणि सेल्फ इंजिनची बॅटरी दमलेली बघून आतल्या बॅटरीतून करंट ओढणार, तोही त्या बारक्या रिलेतून. अर्थिंग खराब असल्यामुळे इंजिनची बॅटरी उपाशी होती, म्हणून आतलीकडून ओढ जास्त, म्हणून रिलेचे पॉइंट भाजून चिकटले. चिकटले म्हणून रात्री फ्रिज इंजिनच्या बॅटरीतूनही खाणार. म्हणजे पहिला दोष काढला तरी त्याने जन्माला घातलेला दुसरा दोष जागेवरच होता. रात्रीचा फ्रिज सरासरी दोन ॲम्पियर धरा, १४ तासांचे २८ एएच. पंखा दीड ॲम्पियरने आठ तास, आणखी १२. रोजचे ४० एएच, आणि सहलीत दिवसाला गाडी चालते दोन-तीन तास. तिसरी किंवा चौथी सकाळ का, याचं उत्तर मिळालं.

तुमच्या गाडीतही असा रिले असेल तर दोन गोष्टी आजच बघा. त्याची पिन चावीवर नको, डायनामोच्या डी प्लसवर हवी, म्हणजे चार्जिंग सुरू झाल्यावरच तो ओढला जाईल. नाहीतर व्होल्टेज बघून चालणारा रिले घ्या, जो १३.३ च्या आसपास जोडतो आणि १२.८ च्या आसपास तोडतो. मी तो घेतला, १०० ॲम्पियरचा. आणि दोन बॅटऱ्यांमधल्या वायरला दोन्ही टोकांना फ्यूज पाहिजेच. दोन्हीकडे बॅटरी आहे. वायर मधे कुठे पत्र्याला घासली तर एका फ्यूजने भागत नाही, दुसऱ्या बाजूने आग लागते.

वायरच्या जाडीत कंजुषी नको. आमची आधीची ६ चौरस मिलिमीटरची, चार मीटर लांब. ३० ॲम्पियरला तिच्यातच ०.३५ व्होल्ट जातो. १६ ची टाकली तर ०.१३. ट्यूब्युलर बॅटरी भरायला १४.४ पर्यंतची भूक असते, तिच्या वाट्याचं वाटेत सांडून चालत नाही. लिथियमची बॅटरी टाकायचा विचार असेल तर साध्या रिलेचा नाद सोडा आणि मधे डीसी-डीसी चार्जर बसवा. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, आणि जुना डायनामो तासन्‌तास पूर्ण ओझ्यावर चालायला बनवलेलाच नसतो. त्याची वार्निश जळल्याचा वास आला की उशीर झालेला असतो.

एक गोष्ट फक्त डिझेलवाल्यांसाठी, पण महत्त्वाची. आपल्याकडच्या कित्येक जुन्या डिझेल गाड्यांत डायनामोच्या पाठीला व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो, ब्रेकच्या बूस्टरसाठी. त्या पंपाला इंजिनचं ऑइल जातं. पंपाचं सील गेलं की ऑइल डायनामोत शिरतं, कार्बन ऑइलमध्ये भिजतात, स्लिप रिंगवर काळा चिखल होतो आणि चार्जिंग येतं-जातं. डायनामोच्या बुडाशी बोट फिरवून बघा. काळं, चिकट लागलं तर नुसते कार्बन बदलून महिनाभरही भागणार नाही, आधी सील. (कार्बन पाच मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर तेही बदलाच, स्वस्त असतात.) आणि पट्टा तुटला तर ‘बॅटरीवर घरापर्यंत जाऊ’ म्हणून घाट उतरायला निघू नका. पट्ट्यावर फक्त चार्जिंग नाही, ब्रेकचा व्हॅक्यूमही आहे. एक-दोनदा पाय दिल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं.

रस्त्यावरच्या मेकॅनिकची एक आवडती परीक्षा असते: चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढून बघायचा, इंजिन चालूच राहिलं तर म्हणे डायनामो चांगला. करू देऊ नका. बॅटरी एकदम सुटली की डायनामोचं व्होल्टेज क्षणात उसळी मारतं आणि डायोड, कटआउट, म्युझिक सिस्टिम यांपैकी जे नाजूक असेल ते उडतं. डिझेल इंजिन तर डायनामो मेलेला असला तरी चालूच राहतं. परीक्षा म्हणूनसुद्धा ती निरुपयोगी.

सगळं ठीक असूनही उभी गाडी उतरत असेल तर गळती मोजा. चावी काढा, दारं बंद, निगेटिव्हचा टर्मिनल सोडवून मीटर मधे लावा, १० ॲम्पियरच्या भोकात. ५० मिलिॲम्पियरच्या आत असेल तर सोडून द्या. अर्धा ॲम्पियर दिसला तर दिवसाला १२ एएच जातात. एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडेल ती लाइन. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज तत्काळ जातो. माझा एक गेला.

उलटा त्रासही असतो. चालू इंजिनावर १४.८ च्या वर आकडा, बॅटरीचं पाणी महिन्याला संपतंय, पलंगाखालून सडक्या अंड्याचा वास. तो कटआउट गेल्याचा. ट्यूब्युलर बॅटरी झोपायच्या जागेखाली असेल तर तिच्या पेटीतून बाहेर हवा जाणारी नळी आधी बसवा, बाकीचं नंतर.

आता राहिलेला एक प्रश्न, ज्याला माझ्याकडे इलाज नाही. पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असली की बॅटरीपाशी १३.२ च येतं. डायनामो ६५ चा असला तरी आयडलला त्याच्यातून निम्माही करंट निघत नाही. मुक्कामाला इंजिन तासभर चालू ठेवून बॅटरी भरत बसण्यात अर्थ नाही, डिझेल जातं आणि शेजारच्या तंबूतली माणसं शिव्या देतात. तेवढ्यासाठी छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल टाकलं आहे. ऑगस्टमध्ये आंबोलीला ते काही करत नाही.